ओसरीपुढचे छत : मिरजगाव परिसरातील पर्याय आणि त्यांवरचे मतभेद

घराला लागून असलेल्या उघड्या जागेवर छत कसले घालायचे, हा प्रश्न कोकणात आणि पर्जन्यछायेच्या दख्खनमध्ये सारखा नाही. कोकणातली पडवी मुख्यतः पाऊस अडवते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात येतो. मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंत मात्र ऊन तापत राहते, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वळवाच्या आधी सोसाट्याचा वारा सुटतो. येथल्या ओसरीवरच्या छताला आधी उन्हाशी, मग वाऱ्याशी आणि शेवटी पावसाशी तोंड द्यावे लागते. खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न मात्र गळतीचाच विचारला जातो. या विषयातला बराचसा गोंधळ या उलट्या क्रमातून आलेला आहे.

जागा, ऊन आणि वेळ

घरापुढच्या जागेत धान्य निवडले जाते, कुरडया-पापडांचा घाट घातला जातो, पाहुण्यांची ऊठबस होते, दुचाकी उभी राहते आणि उन्हाळ्यात रात्री बाजा टाकल्या जातात. यातले कोणते काम दिवसाच्या कोणत्या वेळी होते, यावर छताची निवड बरीचशी ठरते. दुपारी बाराला सुखद वाटणारे छत रात्री नऊला नकोसे होऊ शकते.

मिरजगाव उत्तर अक्षांशाच्या पावणेएकोणीस अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य माध्यान्ही दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. घराच्या दक्षिणेला नऊ फूट उंचीचे छत असेल, तर उन्हाळ्यातले दुपारचे ऊन ते पूर्ण अडवते आणि थंडीतले ऊन सुमारे आठ फूट आत येऊ देते. दक्षिणेकडच्या ओसरीचे सुख यात आहे. पश्चिमेकडच्या अंगणाची गोष्ट वेगळी. दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन कोणत्याही छताखालून आत शिरते. तिथे छत कसले आहे यापेक्षा बाजूला जाळी, तट्ट्या, वेल किंवा झाड आहे का, याला महत्त्व येते.

माळवदापासून पत्र्यापर्यंत

या भागाचे जुने उत्तर म्हणजे माळवद. जिल्ह्यात काही ठिकाणी त्यालाच धाबे म्हणतात. दगडी किंवा मातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलच म्हणजे लाकडी कामट्या, किलचांवर पाल्याचा थर आणि वर चोपून बसवलेली पांढरी माती, अशी त्याची रचना असे. पाण्याला हलका उतार देऊन ते पन्हाळ्यांतून बाहेर सोडत. घर मोजायचे ते खणांवर. ओसरीही याच माळवदाखाली येई आणि तिच्यापुढे अंगण उघडे राही. ज्या घरांना माळवद परवडत नसे तिथे कुडाच्या भिंतींवर गवताचे, तुराट्यांचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर असे.

माळवद कमी पावसाच्या प्रदेशाला साजेसे होते. एक फूट जाडीच्या मातीतून दुपारची उष्णता खालच्या बाजूला पोचायला कित्येक तास लागतात. दुपारी घर गार राहते, आणि उष्णता खाली उतरेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. त्याची किंमतही होती. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून ती चोपावी लागे, उगवलेले गवत काढावे लागे, वाळवी आणि उंदीर यांच्यावर लक्ष ठेवावे लागे. गळतीवर उपाय म्हणून मातीवर मातीचे थर चढत गेले की वजन बेसुमार वाढे. फूटभर मातीचे वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जाते. दोन फूट झाली तर टनभर.

हे वजन किती घातक ठरू शकते ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसले. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या जड छतांखाली गाडली जाऊन बहुतेकांचा जीव गेला. त्यानंतर माळवदाविषयीचा विश्वास भूकंपाच्या पट्ट्याबाहेरही ढासळला. चांगले सागवानी लाकूड मिळेनासे झाले होते आणि पांढरी माती चोपणारे हातही कमी होत चालले होते. किल्लारीने त्या ओहोटीला भीतीची जोड दिली.

त्याची जागा घेणारा पन्हाळी पत्रा तसा जुना. लोखंडी पत्र्याला नागमोडी घड्या घालण्याचे पेटंट लंडनमध्ये हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले, आणि १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी जस्ताच्या मुलाम्याची पद्धत नोंदवली. घडीमुळे पातळ पत्र्याला ताठपणा आला आणि जस्तामुळे गंज लांबला. वजनाला हलका, बसवायला सोपा, एका दिवसात छत उभे करणारा आणि गरज पडली तर काढून दुसरीकडे नेता येणारा हा माल आधी गोठ्यांवर, देवळांच्या सभामंडपांवर आला आणि मग घरांच्या ओसऱ्यांवर.

घराचे स्वरूपही याच काळात बदलले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट धरले आहे. सपाटीवरच्या भागासाठी अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरले. एवढ्या जागेत ओसरीला वाव राहत नाही. म्हणून घरकुल पुरे झाल्यावर पुढे लोखंडी पाइपांवर पत्र्याचे शेड चढते. अशा घरात हे शेड हौसेचे नसते. बसणे, झोपणे, कामे, पाहुणे, सगळे तिथेच होते. छताच्या निवडीचा प्रश्न या कुटुंबांपुढे सर्वांत तीव्र आहे, आणि वास्तुरचनेच्या चर्चेत त्यांचा विचार सर्वांत कमी होतो.

स्लॅबचा पक्ष, पत्र्याचा पक्ष

स्लॅब पसंत करणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. काँक्रीटचे छत पक्के, वाऱ्याने न उडणारे, चोराला न उचकटणारे. आणि वर गच्ची मिळते ती वेगळीच. गच्चीवर धान्य वाळते, पुढे मजला चढवता येतो. घराची किंमत करताना स्लॅबची ओसरी बांधकामात धरली जाते, पत्र्याचे शेड बहुधा नाही. गावातल्या प्रतिष्ठेची बाजूही यात आहे आणि ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या दर वर्षी छप्पर शाकारलेल्या घराला न शाकारावे लागणारे छत मोलाचे वाटणारच.

आक्षेप दोन आहेत. पहिला वजनाचा आणि खर्चाचा. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास भरतो. त्याला तुळई, खांब आणि पाया त्या मानाने हवा. घराच्या जुन्या भिंतीवर एक कड टेकवून केलेली जोड ओसरी पुढे वेगळी खचली, तर सांध्यात तडा जातो आणि गळती तिथूनच सुरू होते. दुसरा आक्षेप उष्णतेचा आहे, आणि बांधताना तो क्वचितच विचारात येतो. पाच इंची काँक्रीट मातीइतका उशीर लावत नाही. दुपारी शोषलेली उष्णता तीन-चार तासांत खालच्या बाजूला येते. म्हणजे संध्याकाळी सहा ते मध्यरात्र, माणसे ओसरीवर बसायला येतात नेमक्या त्या वेळी, स्लॅब तापलेला असतो. हवा गार झाली तरी डोक्यावरून धग येत राहते.

पत्र्याचे वागणे याच्या उलट. कोरा किंवा गडद रंगाचा पत्रा मेच्या दुपारी ६० अंशांपर्यंत सहज तापतो आणि खालच्या माणसावर उष्णता फेकतो. बारा ते पाच या वेळात त्याखाली बसवत नाही. पण सूर्य मावळला की तासाभरात तो निवतो, कारण त्याच्यात उष्णता साठवायला वस्तुमानच नाही. रात्री बाज टाकायची असेल तर पत्र्याखालची जागा स्लॅबपेक्षा बरी. थंडीच्या निरभ्र रात्री तो हवेपेक्षाही गार होतो आणि पहाटे खालच्या बाजूने दव ठिबकते. त्याखाली कांदा किंवा धान्य ठेवणाऱ्यांना हे माहीत असते. पावसात होणारा त्याचा आवाज हा कायमचा दोष.

या दोघांमधली तडजोड अनेक प्रकारे शोधली गेली आहे. पत्र्याखाली सहा इंचांचे अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे किंवा चकाकत्या फोमचे अस्तर देणे हा स्वस्तातला उपाय. अंतरातली गरम हवा वरच्या कडेने बाहेर जायला वाट ठेवली तरच तो नीट चालतो, आणि नेमकी तीच वाट बसवताना बंद केली जाते. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनेल उष्णता आणि आवाज दोन्ही अडवते, पण साध्या पत्र्याच्या कितीतरी पट महाग पडते. तिसरा उपाय पांढऱ्या रंगाचा. गच्चीला चुना मारण्याची रीत जुनीच आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून पांढऱ्या छतांची मोहीम घेतली आणि तेलंगण राज्याने २०२३ मध्ये शीतल छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. पांढऱ्या लेपाने छताचे तापमान खाली येते, यावर मतभेद नाही. ते किती काळ खाली राहते, यावर आहे. धुळीच्या प्रदेशात लेपाचा पांढरेपणा एका उन्हाळ्यातही उतरू शकतो, आणि दर वर्षी छतावर चढून धुणे किंवा नवा हात देणे ही माळवदाइतकीच जुनी कटकट परत येते.

कौले, पारदर्शक पत्रा आणि शेडनेट

मंगलोरी कौलांचा उगम बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला काढलेल्या कारखान्यात आहे. महाराष्ट्रात ती कोकण, पुणे, नाशिकपर्यंत पसरली. कर्जतच्या पट्ट्यात ती शाळा, डाकबंगले आणि काही वाड्यांवर दिसत आली. सांध्यांतून हवा खेळत असल्याने त्यांच्याखाली पत्र्यापेक्षा थंड वाटते. मात्र त्यांना २५ ते ३० अंशांचा उतार लागतो. दहा फूट खोल ओसरीला तेवढा उतार दिला तर घराच्या बाजूची उंची साडेचार ते पावणेसहा फुटांनी वाढवावी लागते, आणि बैठ्या घराला ते जमत नाही. चौरस मीटरला सुमारे ४० किलो वजन पेलेल असा सांगाडाही हवा. वानरांचा वावर असलेल्या गावात कौले टिकत नाहीत.

पॉलिकार्बोनेटचा पत्रा शहरी घरांच्या पुढच्या अंगणातून गावाकडे आला. उजेड आत येतो, दिसायला नवा आणि देखणा वाटतो. या हवामानात त्याच्याबद्दल सावध राहणेच योग्य, कारण उजेडाबरोबर उष्णताही आत येते. अतिनील किरण अडवणारा थर त्याच्या बहुधा एकाच बाजूला असतो. पत्रा उलटा बसला तर काही वर्षांतच तो पिवळा पडून ठिसूळ होतो. तापमानाने तो लोखंडाच्या पाचपट पसरतो: तीन मीटरच्या पत्र्यात ४० अंशांच्या फरकाने जवळपास आठ मिलिमीटरची वाढ होते. स्क्रूचे भोक मोठे न ठेवता घट्ट आवळलेला पत्रा म्हणूनच भोकापाशी तडकतो. उत्तरेकडची चिंचोळी बोळ, न्हाणीपुढची अंधारी जागा, अशा ठिकाणी एखादा पारदर्शक तुकडा उपयोगी पडतो. सबंध ओसरी त्याने झाकणे फारसे कोणी सुचवत नाही.

शेडनेट रोपवाटिकांतून घरांपुढे आले. ५० किंवा ७५ टक्के सावली देणारे विणलेले जाळे गरम हवा अडवून ठेवत नाही, त्यामुळे दुपारी त्याखाली पत्र्यापेक्षा सुसह्य वाटते. पाऊस अडत नाही आणि काही वर्षांत उन्हाने ते जीर्ण होते. कमी पावसाच्या गावात फक्त चार महिन्यांसाठी ताणायचे आणि मग गुंडाळून ठेवायचे छत म्हणून त्याची बाजू दिसते त्यापेक्षा भक्कम आहे.

मांडव आणि वेल

लग्नाकार्यातला मांडव तात्पुरता असतो, पण वेलाचा मांडव हे ओसरीचे पूर्ण वाढलेले छतच आहे. दोडका, घोसाळे, दुधी अशा वेलींचा मांडव एका हंगामापुरता. जाई, मधुमालती, कृष्णकमळ यांचा वर्षानुवर्षांचा. पानांतून बाष्प निघत असल्याने पाने पत्र्यासारखी तापत नाहीत. दक्षिणेला हिवाळ्यात पाने गाळणारा किंवा छाटता येणारा वेल असेल तर थंडीतले ऊनही मिळते.

विरोधात दोन मुद्दे येतात: विंचू-सापांची भीती आणि पाणी. दुष्काळी तालुक्यात ज्या महिन्यांत सावली हवी त्याच महिन्यांत टँकर येतो, तेव्हा वेलाला पाणी कोठून घालायचे? न्हाणीचे आणि धुण्याचे सांडपाणी हे त्याचे नेहमीचे उत्तर, आणि एका-दोन वेलांना ते पुरते. दारचा कडुनिंब मात्र एकदा मुळे खोल गेल्यावर मागत काहीच नाही. पश्चिमेच्या उन्हाला इतके स्वस्त उत्तर दुसरे नाही. फक्त ते मिळायला दहा वर्षे लागतात.

सिमेंटच्या पत्र्याचा वाद

सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो, गंजत नाही, पावसात कमी वाजतो. गोठे आणि शेडे यांवर तो मोठ्या प्रमाणात आहे. त्यातला जुना प्रकार ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी बळकट केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे आणि पन्नासहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात आणि त्याच्या पत्र्यांची विक्री चालू आहे. उद्योगाची बाजू अशी की तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात आणि अखंड पत्र्यातून ते सुटत नाहीत. विरोधकांचे म्हणणे, पत्रा अखंड राहत नाही: बसवताना कापला आणि भोसकला जातो, जुना झाल्यावर त्याचा पृष्ठभाग झिजतो, गारपिटीत फुटतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने महाराष्ट्रभर पिकांसह छपरांचेही नुकसान केले होते. ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंटपत्रेही आता मिळतात. आधीच छपरावर असलेल्या पत्र्यांचे काय करायचे, हा यातला अवघड भाग. ते तसेच ठेवणे, रंगवून झाकणे आणि काढणे यांपैकी निष्काळजीपणे फोडून काढण्यात धोका सर्वाधिक आहे, आणि काढलेला माल टाकण्याची गावपातळीवर सोय नाही.

वारा : सर्वांत दुर्लक्षित भाग

छताच्या मालाबद्दल जितके बोलले जाते तितके त्याच्या बांधणीबद्दल बोलले जात नाही, आणि वळवाच्या वाऱ्यात माणसे जखमी होतात ती बांधणीमुळे. भारतीय मानकांत पुणे, नाशिक आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. मिरजगाव या तिन्हींच्या जवळच्या टापूत येते. या वेगाने चौरस मीटरवर सुमारे ९० किलो वजनाइतका दाब येतो. तीन बाजू उघड्या असलेल्या शेडला वारा खालून उचलतो आणि वरून ओढतो. दहा बाय वीस फुटांच्या शेडवर हा उचलणारा जोर दीड टनाच्या पुढे जाऊ शकतो. पत्र्याचे स्वतःचे वजन शंभर किलोही नसते. पाइपांसह तीनशे धरले तरी वजनावर ते छत टिकत नाही.

म्हणून पत्र्यावर दगड ठेवण्याची सर्रास चालणारी रीत फसवी आहे. चार-सहा दगडांचे वजन या जोरापुढे क्षुल्लक आहे, आणि पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली येतात. छत धरून ठेवायचे ते स्क्रूंनी, जे-हुकांनी आणि पायातल्या काँक्रीटने. सहा खांबांना प्रत्येकी दीड फूट लांब-रुंद आणि अडीच फूट खोल काँक्रीटचा ठोकळा दिला तर एकूण वजन सव्वादोन टनांच्या वर जाते आणि हिशोब जुळतो. फरशीवर चार बोल्टांनी बसवलेला खांब हे काम करू शकत नाही. काळ्या मातीत आणखी एक अडचण येते: ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया हलवते. पाया मुरूम लागेपर्यंत नेणे हाच त्यावर इलाज. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह मारला तर पाणी आत येत नाही, आणि कडेच्या रांगांत ते दाट लागतात, कारण वारा पत्रा उचकटायला कडेपासून सुरुवात करतो.

गावातला फॅब्रिकेटर हे सगळे अनुभवाने जाणतो, पण त्याला मोबदला पाइपाच्या वजनावर आणि पत्र्याच्या फुटांवर मिळतो. जमिनीत पुरलेल्या काँक्रीटचे पैसे द्यायला ग्राहक नाखूश असतो. साध्या शेडसाठी अभियंत्याकडे कोणी जात नाही. ही दरी कशी भरायची, यावर ठोस उपाय अजून कोणी पुढे आणलेला नाही.

पाणी आणि परवानगी

दुष्काळी गावात छत हे पाणी गोळा करण्याचेही साधन आहे. दहा बाय वीस फुटांच्या पत्र्यावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पन्हळ लावून साडेसात ते आठ हजार लिटर पाणी उतरवता येते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे लागते आणि साठवणीची टाकी छतापेक्षा महाग पडते, हे खरे. तरी पत्रा आणि स्लॅब येथे माळवद, शेडनेट आणि वेल यांच्या पुढे आहेत. ओसरीचे छत घराच्या मुख्य छताला जोडून एकाच पन्हळीत आणले तर हिशोब आणखी सुधारतो, पण दोन्ही छते बहुधा वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारागिरांनी केलेली असतात.

परवानगीबाबत चित्र धूसर आहे. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक क्षेत्रासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, कायमचे छत चालत नाही, हे तिच्या मागचे साधारण सूत्र. गावठाणात घरे भिंतीला भिंत लावून असल्याने अशी अंतरेच अनेकदा नसतात. नट-बोल्टांवर उभे असलेले, काढता येण्याजोगे शेड बांधकाम मानायचे की नाही, याबद्दल मालक आणि ग्रामपंचायत यांची समजूत ठिकठिकाणी वेगळी दिसते. महामार्गालगतच्या घरांपुढचे आणि दुकानांपुढचे पत्रे रस्त्याच्या हद्दीत येतात का, हा प्रश्न रुंदीकरण निघाले की डोके वर काढतो. अशा जागी काढून नेता येणारा पत्रा घालणारे कमी नुकसानीत राहतात, स्लॅब घालणारे अडकतात.

अभ्यासाच्या बाजूने सर्वांत मोठी उणीव रात्रीच्या मोजमापांची आहे. छतांच्या उष्णतेवरची चर्चा बहुतेक बंद खोलीतल्या दुपारच्या तापमानावर चालते. उघड्या ओसरीत संध्याकाळी सात ते पहाटे पाच या वेळात पत्रा, पांढरा रंगवलेला पत्रा, स्लॅब आणि वेल यांच्याखाली माणसाला काय जाणवते, याची तुलना पर्जन्यछायेतल्या गावांसाठी झाली, तर घरकुलापुढे शेड घालणाऱ्या कुटुंबाला आजच्यापेक्षा नेमका सल्ला देता येईल. माळवदाचा गारवा कमी वजनात आणता येईल का, उदाहरणार्थ मजबूत लोखंडी सांगाड्यावर दोन-तीन इंच मातीचा किंवा चुन्याच्या कोब्याचा थर देऊन, हा प्रश्नही खुला आहे. एवढ्या पातळ थराला जुन्या माळवदासारखा आठ-दहा तासांचा उशीर लावता येणार नाही. दोन-तीन तासांचा फरक पडला तरी तो ओसरीला पुरेसा आहे का, हे दुपारचा वापर महत्त्वाचा की रात्रीचा यावर ठरेल.